नाव नसलेली मुलगी : ऐतिहासिक कादंबरीतले मध्ययुगीन चर्च

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईकडच्या एका वाचनालयाने मला 'मध्ययुगीन युरोप आणि चर्च' या विषयावर बोलायला बोलावले होते. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेची पदवी, पंचवीस वर्षे हिशेबनिसाची नोकरी आणि मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून व रद्दीच्या दुकानांतून जमवलेली पुस्तके, एवढीच माझी पुंजी. पण बोलायची हौस दांडगी. त्या दिवशी मी धर्मन्यायाधीश बर्नार्ड गी याच्याविषयी रंगून बोललो. त्याने किती निरपराधांना जाळले आणि अखेर संतापलेल्या शेतकऱ्यांनी त्याला कसे ठार मारले, हे सांगितले. टाळ्याही मिळाल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर निवृत्त शिक्षक जवळ आले. स्थानिक ख्रिस्ती समाजातले असावेत. अतिशय शांतपणे म्हणाले, "सर, बर्नार्ड गीला लोकांनी मारलं, हे तुम्ही कुठं वाचलंत?" मी ऐटीत उम्बेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोझ'चे नाव घेतले. ते म्हणाले, "ती तर कादंबरी आहे ना? आणि माझ्या आठवणीप्रमाणे कादंबरीतही तसं नाही. सिनेमात आहे."

घरी येऊन पुस्तक उघडले. त्यांचे म्हणणे खरे होते. कादंबरीत गी आपले कैदी घेऊन मठातून निघून जातो. त्याला मारले ते १९८६ सालच्या चित्रपटाने. खरा बर्नार्ड गी १३३१ मध्ये बिशपपदावर असताना मरण पावला. म्हणजे मी इतिहास म्हणून कादंबरी सांगत होतो आणि कादंबरी म्हणून सिनेमा. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक ख्रिस्ती होते. त्यांच्या धर्मसंस्थेचा इतिहास मी त्यांना असा ऐकवला होता आणि त्यांनी तो मुकाट ऐकून घेतला होता. ही लाज मला पुष्कळ दिवस पुरली. त्यानंतर मध्ययुगीन चर्चवरच्या कादंबऱ्या मी एका बाजूला इतिहासाची पुस्तके ठेवून पुन्हा वाचायला घेतल्या. त्या वाचनातून जे हाती आले, ते इथे मांडतो आहे.

मध्ययुग नेमके कोणाचे?

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे 'मध्ययुगीन' हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. यादवांपासून पेशवाईपर्यंतचा काळ आपण मध्ययुगात घालतो. युरोपात मात्र हा कालखंड साधारण पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा मानतात. त्यामुळे १५६० मध्ये सुरू झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झालेले गोव्याचे इन्क्विझिशन आपल्या हिशेबाने 'मध्ययुगीन' ठरते आणि त्यांच्या हिशेबाने 'आधुनिक' काळातले.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. पोपच्या आदेशाने नेमलेले धर्मन्यायाधीश १२३०च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये व इतरत्र काम करू लागले. स्पेनचे इन्क्विझिशन १४७८चे, पोर्तुगालचे १५३६चे. या नंतरच्या दोन संस्था राजसत्तेच्या कह्यातल्या होत्या आणि त्यांचा कारभार मोठा व कायमस्वरूपी होता. गोव्याची शाखा पोर्तुगालच्या संस्थेची. चेटकिणींच्या शिकारीचेही तसेच आहे. युरोपात तिचा कहर झाला तो साधारण १५६० ते १६५० या काळात, आणि त्यांतले पुष्कळ खटले चर्चच्या नव्हे तर स्थानिक व राजकीय न्यायालयांत चालले. पण आपल्या मनात हे सगळे एकाच काळ्या झग्याखाली गोळा झालेले असते. तो झगा शिवण्यात ऐतिहासिक कादंबरीचा हात मोठा आहे.

गावातले चर्च

कादंबरीने काय दाखवले ते पाहण्याआधी मोजपट्टी हवी. मध्ययुगातल्या सामान्य माणसाला चर्च म्हणजे काय होते?

पहिली गोष्ट म्हणजे दशमांश. पिकाचा, कोकरांचा, लोकरीचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. आपल्याकडच्या देवस्थान इनामांशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण इनाम राजा देई आणि दशमांश प्रत्येक कुळाच्या खळ्यातून जाई. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. दिवस चर्चच्या घंटेने मोजला जाई, वर्ष संतांच्या सणांनी. रविवार सोडून आणखी चाळीस-पन्नास सणांना काम बंद असे. तिसरी गोष्ट म्हणजे जन्म, लग्न, मरण. बाप्तिस्मा, पापनिवेदन आणि अंत्यविधी हे सगळे गावच्या धर्मगुरूच्या हाती होते. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक प्रौढाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले. त्याच सभेने तापल्या लोखंडाच्या किंवा पाण्याच्या दिव्यात धर्मगुरूंनी भाग घेण्यास मनाई केली. एका हाताने माणसाच्या मनात शिरण्याचा हक्क घेतला, दुसऱ्या हाताने एक रानटी न्यायपद्धत मोडीत काढली.

लग्नाचा कायदा तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. बाराव्या शतकापासून चर्चने असा नियम रुजवला, की वधू-वरांची परस्परसंमती असेल तर विवाह वैध. आईबापांची परवानगी नको, धर्मगुरूही हजर असायला नको. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने साक्षीदार व धर्मगुरू आवश्यक केले, तोवर हे चालले. व्यवहारात मुलींवर जबरदस्ती होतच होती. पण 'मी हो म्हटले नव्हते' असे म्हणण्याची कायदेशीर जागा तिला चर्चच्याच न्यायालयात होती.

थोडक्यात, चर्च हे एकाच वेळी मंदिर, महसूल कचेरी, न्यायालय, इस्पितळ आणि पंचांग होते. त्याला एक चेहरा नव्हता. कादंबरीला मात्र चेहरा लागतो, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

स्कॉटचा चैनी मठाधिकारी

ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅनहो' १८१९च्या डिसेंबरात बाहेर पडली. कथेचा काळ ११९४. तिच्यात चर्चचे तीन चेहरे आहेत. शिकार आणि मेजवान्यांत रमणारा प्रायर एमर, रॉबिन हूडच्या टोळीतला दांडगा, दारू पिणारा फ्रायर टक, आणि रिबेका या ज्यू तरुणीवर चेटकाचा आरोप ठेवून खटला चालवणारे टेम्पलर धर्मयोद्धे.

तिन्ही पात्रे झकास आहेत आणि तिन्हींत घोटाळा आहे. 'फ्रायर' म्हणजे भिक्षेकरी संघाचा सदस्य. हे संघ तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मले. डोमिनिकन इंग्लंडात आले १२२१ मध्ये, फ्रान्सिस्कन १२२४ मध्ये. म्हणजे ११९४ साली इंग्लंडात फ्रायर असणेच शक्य नव्हते. रिबेकाचा खटलाही त्या काळाचा नाही. स्कॉटने नंतरच्या शतकांतली चेटकिणींची शिकार उचलून बाराव्या शतकात नेऊन ठेवली.

इथे प्रश्न केवळ सनावळीचा नाही. कथेच्या काळाच्या अवघी चार वर्षे आधी, ११९० मध्ये, यॉर्क शहरात ज्यूंचे भीषण हत्याकांड झाले. किल्ल्याच्या बुरुजात आश्रय घेतलेली माणसे तिथेच संपली. त्यानंतर हल्लेखोर थेट मोठ्या चर्चमध्ये गेले आणि तिथे ठेवलेले ज्यू सावकारांचे कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले. धर्मयुद्धाची हवा, धर्मद्वेष आणि बुडवायची कर्जे हे सारे त्या आगीत एकत्र होते. ज्यूंच्या छळाची जाण स्कॉटला होती, रिबेकाविषयी त्याला कणवही होती. पण त्याने त्या छळाला चेटकाच्या खटल्याचे रूप दिले, द्वंद्वयुद्धाने शेवट केला, आणि वाचकाला एक वेडसर धर्माधिकारी दोषी म्हणून मिळाला. कर्जरोख्यांची होळी करणारे यॉर्कचे प्रतिष्ठित कर्जदार मात्र चित्राबाहेर राहिले.

असे का झाले? स्कॉट प्रॉटेस्टंट स्कॉटलंडमधला. ब्रिटनमध्ये कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मिळाला तो १८२९ मध्ये, म्हणजे या कादंबरीनंतर दहा वर्षांनी. त्याच्या वाचकांना चैनी मठवासी आणि कट्टर धर्माधिकारी ओळखीचे वाटत होते, कारण जुन्या वादांनी ते घडवून ठेवलेलेच होते.

ह्यूगोचा आर्चडीकन

व्हिक्टर ह्यूगोची 'नोत्र-दाम द पारी' आली १८३१च्या मार्चमध्ये. आदल्याच महिन्यात पॅरिसच्या जमावाने आर्चबिशपच्या वाड्याची नासधूस केली होती. कथा १४८२ची. यातला क्लोद फ्रोलो हा आर्चडीकन विद्वान आहे, टाकून दिलेल्या कुरूप क्वाझिमोदोला वाढवणारा आहे, आणि एस्मेराल्दाच्या वासनेने जळून तिचा घात करणाराही आहे. ह्यूगोने चर्च ही संस्था आणि चर्च ही इमारत यांची फारकत केली. संस्था कुजलेली आणि इमारत मात्र लोकांची, कारागिरांची, सर्वांना आश्रय देणारी. चर्चमध्ये शिरलेल्या गुन्हेगाराला अटक करता येत नसे, हा मध्ययुगातला खरा नियम त्याने कथेच्या कळसाला वापरला.

या कादंबरीने एक प्रत्यक्ष कामही केले. मोडकळीला आलेल्या नोत्र-दामविषयी लोकांत आस्था जागी झाली आणि १८४४ मध्ये तिच्या जीर्णोद्धाराचे काम लासू व व्हिओले-ल-द्युक या वास्तुकारांकडे सोपवले गेले. कादंबरी इतिहास बिघडवते तशी वाचवतेही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढची गंमत सिनेमाने केली. १९३९च्या अमेरिकन चित्रपटात फ्रोलो न्यायाधीश झाला आणि त्याचा भाऊ सज्जन आर्चबिशप. १९९६च्या डिस्नेपटातही तो न्यायाधीशच, आणि आर्चडीकन एक प्रेमळ म्हातारा. ज्या संस्थेवर लेखकाने बोट ठेवले होते, ती प्रेक्षक दुखावू नयेत म्हणून अलगद सोडवून घेतली गेली. चर्चला उगाच काळे करणे हा एक दोष, तसे त्याला उगाच धुऊन काढणे हा दुसरा. दोन्हींत आपापल्या काळाची सोय पाहिलेली असते.

एकोचा मठ आणि खरा बर्नार्ड गी

आता ज्या पुस्तकाने माझी फजिती केली त्याकडे येतो. 'द नेम ऑफ द रोझ' १९८० मध्ये इटालियनमध्ये प्रसिद्ध झाली. एको हा मध्ययुगाचा खरा अभ्यासक. त्याचा प्रबंध संत थॉमस अक्वायनसच्या सौंदर्यविचारावर होता. कथा १३२७ची, उत्तर इटलीतल्या एका बेनेडिक्टाइन मठातली. एकामागून एक भिक्षू मरत आहेत, आणि फ्रान्सिस्कन विल्यम आपला तरुण शिष्य अ‍ॅड्सो याच्यासह त्याचा शोध घेतो आहे.

या कादंबरीचे मोठेपण असे, की चर्च एकजीव नव्हते हे तिने सामान्य वाचकाला पहिल्यांदा दाखवले. पोप रोममध्ये नाही, फ्रान्सच्या बाजूच्या आव्हिन्यों शहरात आहे. सम्राट लुडविग त्याच्याविरुद्ध उभा आहे. आणि फ्रान्सिस्कन संघ विचारतो आहे, की येशू व त्याच्या शिष्यांच्या मालकीचे काही होते का? आज हा प्रश्न पोथीतला वाटतो. तेव्हा तो स्फोटक होता. येशू निर्धन होता असे मानले, तर जमीनजुमला बाळगणाऱ्या चर्चचे काय? १३२३ मध्ये पोप बाविसाव्या जॉनने 'त्यांच्या मालकीचे काहीच नव्हते' हे मत पाखंड ठरवले. संघाचा प्रमुख मायकल ऑफ चेझेना १३२८ मध्ये आव्हिन्योंहून पळाला. त्याच्याबरोबर विख्यात तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम होता. एकोच्या विल्यमवर त्याची छाया स्पष्ट आहे. आपल्याकडे मठाची मालमत्ता आणि साधूचे वैराग्य यांचा झगडा नवा नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ही चर्चा परकी वाटू नये.

पण बर्नार्ड गी? तो तुलूझचा धर्मन्यायाधीश होता, १३०७ पासून १३२३ पर्यंत. त्याच्या निकालांची वही उपलब्ध आहे. तीवर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे त्याने शिक्षा दिलेले लोक सहाशेहून थोडे अधिक भरतात आणि त्यांतले चाळीसच्या आसपास जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली झाले. बाकीच्यांना तुरुंगवास, सक्तीच्या तीर्थयात्रा, मालमत्तेची जप्ती, आणि अंगरख्यावर पिवळे क्रूस शिवून गावात वावरण्याची शिक्षा.

ही संख्या पाहून 'म्हणजे तो काही एवढा क्रूर नव्हता' असे म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. चाळीस माणसे म्हणजे चाळीस माणसे. १२५२ पासून चौकशीत यातना देण्याची पोपचीच परवानगी होती. पण क्रौर्याची जात वेगळी होती, हे समजून घेतले पाहिजे. कादंबरीतला गी हा नाट्यमय खलनायक आहे. खरा गी हा कारकून होता. त्याने चौकशी कशी करावी याची पद्धतशीर पुस्तिका लिहिली. कोणाला काय प्रश्न विचारावेत, कोण कसा सटकतो, हे तिच्यात मांडले आहे. हिशेबनिसाची नोकरी केल्यामुळे असेल, पण मला कादंबरीतल्या गीपेक्षा या वहीवाल्या गीची भीती अधिक वाटते. खलनायक मेला की गोष्ट संपते. नोंदवही पुढच्या माणसाच्या हाती जाते. आईबापांचे नाव वहीत चढलेले असेल तर मुलांच्या मागेही तो डाग लागे.

चित्रपटाने गीला मारले आणि प्रेक्षकाला समाधान दिले. पण ते समाधानच फसवे आहे. ज्यात व्यवस्थेचा दोष होता, त्यात एका माणसाचा बळी देऊन आपण मोकळे झालो.

भले भिक्षू

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले आणि कादंबरीत भला मठवासी अवतरला. एलिस पीटर्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या ईडिथ पार्जेटर यांच्या ब्रदर कॅडफेलची पहिली कादंबरी १९७७ची. हा श्रूजबरीच्या मठातला औषधी वनस्पतींचा जाणकार. तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला, पोक्त, सहिष्णू. पहिल्या कथेचा विषय खरा आहे. ११३८च्या सुमारास श्रूजबरीच्या भिक्षूंनी वेल्समधल्या एका खेड्यातून संत विनिफ्रेडच्या अस्थी आपल्या मठात आणल्या आणि प्रायर रॉबर्टने त्याची हकिगत लिहून ठेवली. संताच्या अस्थी म्हणजे यात्रेकरू, यात्रेकरू म्हणजे दान. गावकऱ्यांची भक्ती आणि मठाची गरज यांची ती ओढाताण होती. पीटर्सनी ती फार समजुतीने रंगवली आहे.

केन फॉलेटची 'द पिलर्स ऑफ द अर्थ' १९८९ची. बाराव्या शतकातले इंग्लंड, गादीसाठी चाललेली यादवी आणि त्यात एक कॅथिड्रल बांधू पाहणारा प्रायर फिलिप. या कादंबरीचे श्रेय हे, की मठ हा एक उद्योग होता हे तिने दाखवले. दगडाची खाण कोणाच्या हक्कात, लाकूड कोणत्या रानातले, आठवडी बाजार भरवण्याचा परवाना कोण देतो, लोकर कोण विकत घेतो, हे सगळे तिच्यात रसभरित येते. फॉलेट स्वतः नास्तिक. लहानपण कडक प्रॉटेस्टंट पंथात गेलेले, जिथली प्रार्थनागृहे मुद्दाम साधी, बिनशोभेची. कदाचित म्हणूनच कॅथिड्रलच्या शिखरांची ओढ.

पण कॅडफेल आणि फिलिप दोघांनाही वाचताना एक गोष्ट खटकत राहते. ते आपल्यासारखे आहेत. त्यांचा शहाणपणा विसाव्या शतकातल्या सज्जन, विवेकी माणसाचा आहे. नरकाची खरीखुरी भीती, संताच्या हाडाला हात लावल्यावर अंगावर येणारा काटा, पहाटेच्या आधी उठून वर्षानुवर्षे तीच स्तोत्रे म्हणण्याने घडणारे मन, हे त्यांच्यात फारसे नाही. त्या काळातला भला माणूस म्हणजे श्रद्धेपासून थोडा अंतर राखून असलेला माणूस, असे आपण सोयीने धरून चालतो.

एक अपवाद

याला माझ्या वाचनातला ठळक अपवाद म्हणजे सिग्रिड उंडसेट यांची 'क्रिस्टिन लाव्रान्सदात्तर' ही तीन भागांची कादंबरी (१९२० ते १९२२). चौदाव्या शतकातले नॉर्वे. उंडसेट पुराणवस्तुसंशोधकाची मुलगी. १९२८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला तो कादंबरीनंतर, १९२४ मध्ये.

इथे चर्च कोणी एक माणूस नाही, ते हवेसारखे सगळीकडे आहे. गावचा धर्मगुरू सीरा एरिक ब्रह्मचर्याचा नियम असूनही पोराबाळांचा, नातवंडांचा धनी आहे, आणि गावाला त्यात नवल वाटत नाही. नातू बेंटाइन वाईट निघतो, तो क्रिस्टिनवर हात टाकतो. दुसरीकडे भटका वृद्ध भिक्षू एडविन तिला आयुष्यभर पुरेल इतकी माया देतो. बापाने ठरवलेले लग्न मोडून तिने निवडलेला एर्लेंड हा एकदा चर्चने बहिष्कृत केलेला माणूस आहे. आपल्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून ती तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून अनवाणी निदारोसला संत ओलाफच्या यात्रेला जाते आणि लग्नातला सोन्याचा मुकुट तिथे अर्पण करते. हे वाचताना आपल्याकडचा नवस आणि वारी आठवल्याशिवाय राहत नाही. ती दबावाखाली जाते की ओढीने? उंडसेट उत्तर देत नाहीत, कारण क्रिस्टिनलाही ते दोन वेगळे करता येत नाही. शेवटी १३४९च्या काळ्या मृत्यूत, मठात रोग्यांची सेवा करताना ती मरते.

नाव नसलेली मुलगी

एकोच्या कादंबरीत एक गरीब खेडूत मुलगी आहे. ती अन्नासाठी मठात चोरून येते. अ‍ॅड्सोच्या आयुष्यातली ती एकमेव स्त्री. तिची भाषा त्याला कळत नाही आणि तिचे नाव त्याला कधीच समजत नाही. गी तिला चेटकीण म्हणून धरून नेतो. चित्रपटात ती वाचते, कादंबरीत तिची सुटका नाही. अनेकांना ही तिची शोकांतिका वाटते. मला तिथे वेगळाच प्रश्न पडला. सगळे लॅटिन वाद, सगळी पुस्तके, सगळी भांडणे आपल्यासमोर येतात, आणि जिच्या दशमांशावर हा मठ उभा आहे तिला बोलताच येत नाही. तिच्यासारखी माणसे तेव्हा खरोखरच मुकी होती का?

नव्हती. याचा पुरावा कादंबरीत नाही, इतिहासात आहे आणि तोही विचित्र जागी. १३१८ ते १३२५ या काळात दक्षिण फ्रान्समधल्या पामिएचे बिशप जाक फुर्निए यांनी पाखंडाची चौकशी केली. म्हणजे गीचाच काळ, गीच्याच शेजारचा मुलूख. त्या चौकशीची लॅटिन वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. ९८ प्रकरणे, ५७८ जबान्या. तिच्या आधारे इमॅन्युएल ल रुआ लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने १९७५ मध्ये 'मोंतायू' हे पुस्तक लिहिले. मोंतायू हे पिरेनीज पर्वतातले जेमतेम अडीचशे वस्तीचे खेडे. पुस्तक कादंबरीहून वाचनीय आहे.

त्यात पिएर मोरी हा धनगर आपल्या रानातल्या आयुष्याविषयी बोलतो. बायका उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढत गप्पा मारतात. कोकरांवरच्या दशमांशाविरुद्ध सारे कुरकुरतात. गावचा धर्मगुरू पिएर क्लेर्ग हा एकाच वेळी चर्चचा माणूस, पाखंडी पंथाचा छुपा पाठीराखा आणि गावातल्या अनेक बायकांचा यार. आणि त्यात बेआत्रीस द प्लानिसोल आहे. छोट्या सरदार घराण्यातली ही विधवा क्लेर्गशी असलेल्या संबंधांविषयी बिशपसमोर सांगते. तिच्या थैलीत नातवंडांच्या वाळलेल्या नाळा सापडतात. 'हे काय?' असे विचारल्यावर ती सांगते, की या जवळ असल्या तर खटला जिंकता येतो असे म्हणतात. आपल्या आजीच्या गाठोड्यातही असे काही सापडले असते.

या वहीत भाबडेपणाने रमण्याचे कारण नाही. या जबान्या भीतीपोटी दिलेल्या आहेत. लोक स्थानिक ऑक्सितान भाषेत बोलले आणि कारकुनांनी ते लॅटिनमध्ये उतरवले. फुर्निएच्या चौकशीतून पाच माणसे जाळली गेली. बेआत्रीसला वर्षभराहून अधिक तुरुंगवास आणि पुढे पिवळे क्रूस मिळाले. क्लेर्ग तुरुंगात मेला. फुर्निए मात्र १३३४ मध्ये पोप झाला. तरीही ज्या संस्थेने या माणसांना धाकात ठेवले, तिनेच त्यांचे शब्द जपले. धनगराचे, विधवेचे, मोलकरणीचे. एकोच्या मुलीला जे मिळाले नाही ते बेआत्रीसला तिच्या न्यायाधीशाच्या वहीतून मिळाले, नाव आणि आवाज. हा तिढा खलनायकाच्या कथेत बसत नाही आणि भल्या भिक्षूच्या कथेतही बसत नाही.

आपल्यासाठी

हा विषय आपल्याला दूरचा वाटेल, पण तो दूरचा नाही. गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले तेव्हा तिथल्या बहुतेक खटल्यांची मूळ कागदपत्रे नष्ट झाली. १६२३ पर्यंतच्या आरोपींची एक सूची लिस्बनमध्ये शिल्लक आहे. तिच्यात नावे आहेत, आरोप आहेत, शिक्षा आहेत. पण जबान्या जवळजवळ नाहीत. म्हणजे मोंतायूच्या लोकांची आपल्याला नावे आणि आवाज दोन्ही मिळाले, आणि गोव्याच्या बहुतेकांची नुसती नावे. त्या मोकळ्या जागेत उद्या कोणी मराठी किंवा कोकणी कादंबरीकार शिरेल, आणि त्याने शिरावेच. पण त्याच्यासमोर तयार साचे असतील. काळ्या झग्यातला क्रूर पाद्री हा एक साचा, आणि त्याला उत्तर म्हणून घडवलेला प्रेमळ फादर हा दुसरा. पहिल्याने शेजाऱ्याविषयी द्वेष वाढेल, दुसऱ्याने ज्यांनी भोगले त्यांचा अपमान होईल. आणि दोन्हींत ती सूचीतली माणसे पुन्हा मुकीच राहतील.

'स्वामी' किंवा 'पानिपत' वाचून पेशवाई कळली असे मानणारा आपला वाचक आहे. मीही त्यातलाच. कादंबरी सोडून द्या असे मी म्हणणार नाही. कादंबरीने हात धरला नसता तर फुर्निएच्या वहीपर्यंत मी कधी पोहोचलोच नसतो. आता मात्र प्रत्येक ऐतिहासिक कादंबरी मिटताना मी दोन प्रश्न विचारतो. ही कोणत्या काळात लिहिली गेली आणि त्या काळाला काय हवे होते? आणि हिच्यात कोणाला नाव नाही?

त्या शिक्षकांची पुन्हा भेट झाली नाही. दोन वर्षांनी त्याच वाचनालयात मी पुन्हा बोलायला गेलो, तेव्हा सुरुवातीलाच मागच्या भाषणातली चूक सांगून टाकली. टाळ्या कमी पडल्या. प्रश्न मात्र पुष्कळ आले.